परसबागेचं धोरण: जागा, वजन, पाणी, बी आणि सोसायटीचा ठराव

तिठा

घरची भाजी लावा असं सरकार सांगतं तेव्हा लोकांच्या हातात येतं ते बियाण्याचं पाकीट. पाकिटानंतरचं सगळं घरच्यांनी निस्तरायचं, आणि घरच्यांनी म्हणजे घरातल्या बाईने. जागा कोणाची, पाणी कुठून, गच्चीला किती वजन झेपतं, शेळ्यांना कोण अडवणार, सोसायटी नाही म्हणाली तर पुढे काय? हे प्रश्न नियमांनी सुटतात, पाकिटांनी सुटत नाहीत. या धाग्यावर त्या नियमांबद्दल बोलू या. फोटो आणि हौसेच्या गप्पांसाठी दुसरे धागे आहेत.

थोडा मागचा संदर्भ. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिकडून येणारा तांदूळ थांबला आणि ब्रिटिश सरकारने 'अधिक धान्य पिकवा' मोहीम काढली. स्वातंत्र्यानंतरही ती चालू राहिली. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी पंतप्रधान निवासाच्या हिरवळीवर नांगर फिरवला. २०१९ मध्ये केंद्राने शाळांच्या परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. जानेवारी २०२१ मध्ये बचत गटांच्या पोषण बागांचा आठवडा झाला. आपल्याकडे उमेदनेही (बचत गटांचं राज्य अभियान) 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम घेतली. ऐंशी वर्षं आवाहन चालू आहे. जागेचा आणि पाण्याचा हक्क मात्र कुठल्याही आवाहनात लिहिलेला नाही.

आधी हिशोब, म्हणजे भलत्या अपेक्षा राहणार नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूत्रांप्रमाणे माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या लागतात. चौघांच्या घराला वर्षाला ५८४ किलो. इतकं बाल्कनीत होत नाही, गच्चीवरही बहुतेकांना जमत नाही. पण त्यातली पालेभाजी माणशी १०० ग्रॅम धरली तर वर्षाला १४६ किलो. पालकाचं उत्पादन हेक्टरी १० ते १५ टन येतं, म्हणजे चौरस मीटरला एक ते दीड किलो. वर्षात पाच-सहा वेळा वाफा फिरवला तर सरासरी ७ किलो धरायला हरकत नाही. १४६ भागिले ७, म्हणजे साधारण २१ चौरस मीटर. गुंठ्याचा पाचवा भाग.

माझं म्हणणं असं की सरकारी उद्दिष्ट 'स्वयंपूर्ण घर' असं ठेवू नये, 'रोजची पालेभाजी घरची' एवढंच ठेवावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. नुसत्या पालेभाजीने तो जात नाही. पण ताटातून पहिली कोण गळते? महाग झालेली पालेभाजीच.

कोरडवाहू

२१ चौरस मीटरचा आकडा घरकुलाशी ताडून बघा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. भूमिहीनांना जागा घ्यायला मदत करणारी राज्याची योजना ५०० चौरस फुटांवर आखली. घर वजा जाता उरतात २३१ फूट, म्हणजे साडेएकवीस चौरस मीटर. नेमकी तुमची पालेभाजी! पण त्यातच संडास, न्हाणी, पायऱ्या, सरपण आणि शेळी. हातात येतात फार तर दहा-बारा मीटर, तेही तुकड्या-तुकड्यांत.

म्हणून ज्यांना परसबाग सर्वांत जास्त हवी त्यांच्याकडे परसच नाही. गावाचे पुढारी योजनेचं उद्घाटन करतात ते मोठ्या वाड्याच्या मागच्या अंगणात. मागणी करायचीच तर जागेची करा. घरकुलाच्या आराखड्यात मोरीच्या सांडपाण्याच्या बाजूला तीन बाय चार मीटरचा मोकळा तुकडा सक्तीने दाखवावा. आणि भूमिहीन महिला गटांना गावठाणालगतची सार्वजनिक जागा वर्षाच्या कराराने लावणीला द्यावी.

गच्चीकर

शहराबद्दल लिहितो. गच्चीच्या बागेला होणारे निम्मे विरोध गळतीच्या भीतीने होतात, आणि ती भीती रास्त आहे. म्हणून आधी वजन.

भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात, जिथे माणसं ये-जा करतात अशा सपाट गच्चीला चल भार (माणसं, सामान असं कमी-जास्त होणारं वजन) चौरस मीटरला १५० किलो धरलाय. जिथे फक्त दुरुस्तीपुरतं चढतात तिथे ७५. यात माणसंही आली, टाक्यांची डागडुजी करणारेही आले. म्हणून बागेचा भार चौरस मीटरला १०० किलोच्या वर जाऊ देऊ नये.

ओली लाल माती घनमीटरला सुमारे १.८ टन भरते. म्हणजे ३० सेंटिमीटर मातीचा वाफा चौरस मीटरला ५४० किलो. असा वाफा गच्चीवर बांधणं धोक्याचं आहे, कितीही सुंदर दिसला तरी. अर्धवट कुजलेला पालापाचोळा पाच भाग, तयार कंपोस्ट तीन भाग, धुतलेला कोकोपीट (काथ्याचा भुसा) एक भाग, माती एक भाग असं आकारमानाने मिसळलं की ओलं वजन लिटरला ८०० ते ९०० ग्रॅमवर येतं. १२ बाय १२ इंची पिशवी २५ सेंटिमीटर भरली तर साधारण १८ लिटर मावतं, १५ किलो होतं. चौरस मीटरमध्ये पाच पिशव्या, ७५ किलो. सुरक्षित.

दोनशे लिटरचं पिंप अर्धं कापून माती भरली तर एकेका पिंपाचं वजन पावणेदोनशे किलो, आणि ते सगळं पाव चौरस मीटरवर. पिंपात शेवगा-पपईच लावायची असेल तर ते तुळईवर किंवा खांबाच्या माथ्यावर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको.

हलक्या मिश्रणाचा तोटाही सांगून ठेवतो. पाला कुजत जातो आणि वर्षभरात पिशवी तिसरा हिस्सा खाली बसते. दर पिकानंतर दोन ओंजळी कंपोस्ट आणि वर पाल्याचा थर घातला नाही तर दुसऱ्या वर्षी भेंडी कंबरेच्या वर जात नाही. लोक म्हणतात गच्चीवर येत नाही. पिशवीला खायला मिळालेलं नसतं, एवढंच.

सभासद१२

गच्ची सर्व सभासदांची सामायिक जागा आहे. परवानगी नुसत्या व्यवस्थापक समितीकडून घेतली तर समिती बदलली की कुंड्या खाली. ठराव सर्वसाधारण सभेतच हवा. तीस वर्षांवरच्या इमारतींना मुंबईत संरचनात्मक तपासणी सक्तीची आहे. तो अहवाल मागवून, गच्चीला चल भार किती झेपेल हा आकडा अभियंत्याकडून लेखी घ्या. आकडा मिळत नसेल तर बाग तळमजल्यावर.

आमच्याकडे नेहमी वापरतो तो मसुदा देतो, बदलून घ्या:

'संस्थेच्या गच्चीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसलेल्या, सोबतच्या नकाशात दाखवलेल्या भागात सभासदांना खाद्यवनस्पती लावण्यास तीन वर्षांसाठी संमती देण्यात येत आहे. भार अभियंत्याने दिलेल्या मर्यादेत राहील. पिशव्या जमिनीपासून १० सेंटिमीटर उंच मांडणीवर राहतील. पावसाळी पन्हळीच्या तोंडापासून १ मीटर आणि जिना, टाकी व लिफ्टखोलीच्या दारापासून दीड मीटर जागा मोकळी राहील. कुंडीखाली ताटली ठेवता येणार नाही. पाण्यासाठी स्वतंत्र मीटर राहील व बिल बाग करणारे सभासद भरतील. जलरोधक थराची पाहणी दरवर्षी मे महिन्यात होईल. ही जागा कोणाच्याही खासगी मालकीची वा कायम वापराची समजली जाणार नाही.'

शेवटचं वाक्य वगळू नका. विरोधक बागेला कमी आणि कब्जाला जास्त घाबरतात. उंच इमारतीतल्या आसऱ्याच्या मजल्यावर मात्र एकही कुंडी नको, आगीच्या वेळी ती जागा जीव वाचवते.

मायाळू

ताटलीचं कलम कोणी काढा म्हणालं तर सांगा की एडिस डासाचा अंड्यापासून डासापर्यंतचा प्रवास सात ते दहा दिवसांत पूर्ण होतो आणि ताटलीतलं बोटभर पाणी त्याला पुरतं. डासांची पैदास सापडली तर मुंबईत महापालिका अधिनियमाच्या कलम ३८१ खाली नोटीस येते. आठवड्यात एक दिवस सगळी भांडी, झारी, पिंपाची झाकणं पालथी करायची. बाग बंद पाडायला एक डेंगीचा रुग्ण पुरतो.

दुसरं, पीक ऋतूप्रमाणे घ्या. कोकणपट्टीत जुलैमध्ये पालक, मेथी, कोथिंबिरीची पाकिटं वाटली जातात आणि सगळं सडतं. पावसाळ्यात मायाळू, अळू, चवळी, पडवळ, दोडकी, काकडी, भेंडी. पालक-मेथी ऑक्टोबरनंतर. मायाळूला वेताएवढं छाटं पुरतं: दोन पेरं मातीत, दोन वर. आठवड्यात फुटतं. दुसऱ्या महिन्यापासून शेंडे खुडत राहायचे, खुडलं नाही की फुलोरा येतो आणि पानं लहान होतात. वाटप करणाऱ्या खात्याने जिल्ह्याप्रमाणे दोन याद्या केल्या, मृगाची आणि दसऱ्याची, तरी निम्मं बी वाचेल.

वाफा

बियाण्याबद्दल. वाटपाच्या संचात संकरित वाण देणं ही धोरणाची चूक आहे, कारण त्याचं राखलेलं बी तसंच उतरत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा हात पसरावा लागतो. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ च्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला बी राखणं, पेरणं, अदलाबदल करणं, वाटून घेणं आणि विकणंही मोकळं आहे. संरक्षित वाणाचं बी छापील नावाच्या पाकिटात विकता येत नाही, एवढंच. बचत गटाच्या बियाणे बँकेला याहून जास्त काही लागत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे गावरान वाण असेच जपले, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गौरव झाला, पण प्रत्येक ग्रामसंघात (गावातल्या बचत गटांचा संघ) बियाण्याची एक मडकी-उतरंड असावी असा नियम झाला नाही.

बँक सुरू करताना वाल, घेवडा, चवळी, टोमॅटो यांपासून करा. ही पिकं बहुतांशी स्वपरागित आहेत, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळतात, म्हणून वाण फारसा बिघडत नाही. भेंडीत थोडी सरमिसळ होते, म्हणून गटात एकीनेच एक वाण धरावा. दुधी, दोडकी, लाल भोपळा यांचं बी शेजारच्या वेलाशी मिसळतं. लाल भोपळ्याची फुलं पहाटे उमलतात. आदल्या संध्याकाळी पिवळसर झालेली एक मादी कळी आणि दोन नर कळ्या टोकाशी दोऱ्याने बांधायच्या, सकाळी सोडून नर फुलाच्या पाकळ्या काढून केसर मादी फुलात घासायचा, आणि मादी फूल पुन्हा बांधून देठाला रंगीत चिंधी लावायची. फळ वेलावर पूर्ण पिकू द्यायचं आणि काढल्यावर तीन आठवडे ठेवून मगच फोडायचं. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तिचं हेच काम तेव्हा.

बी सावलीत वाळवा. दाताखाली कट्‌कन तुटलं की झालं. दबलं तर अजून दोन दिवस. चाळलेल्या राखेत घालून घट्ट झाकणाच्या डब्यात. वाल ओला भरला की महिन्यात भुंगा.

सभासद१२

पाण्यावर कोणी बोलत नाहीये. उन्हाळ्यात चौरस मीटरला पाचेक लिटर लागतं. दहा मीटरला ५० लिटर रोज. शहरी पुरवठ्याचं मानक माणशी १३५ लिटर, चौघांचे ५४०. म्हणजे जवळपास दहावा हिस्सा. टँकरवर असलेल्या सोसायटीत पिण्याच्या पाण्यावर भाजी करणं दुसऱ्याच्या तोंडचं पाणी काढणं आहे. सांडपाणी शुद्धीकरणाचं पाणी चालेल का?

कोरडवाहू

गावात जलजीवन मिशनचं मानक ५५ लिटर. पाच माणसांचे २७५. त्यातलं निम्म्याहून जास्त मोरीतून बाहेर जातं, तेच बागेचं पाणी. मोरीच्या तोंडाशी एक मीटर रुंद, पाऊण मीटर खोल खड्डा, तळाशी विटांचे तुकडे, वर वाळू. काठावर केळी, अळू, कर्दळ. साबणाचं पाणी सोडियम आणतं, दोन वर्षांत माती चिकट आणि वर पांढुरकी होते. म्हणून हे पाणी मुळा-गाजर आणि कच्च्या खाण्याच्या पाल्याला नको. उन्हाळ्यात खड्ड्याच्या काठाची वरची बोटभर माती काढून नवा पाला घालावा.

गच्चीकर

शुद्धीकरण केंद्राचं पाणी झाडांना, केळीला, शेवग्याला द्या, तेही पाल्याच्या थराखालून ठिबकने. पानांवर उडता कामा नये. पालेभाजीला नाहीच.

इथे रेल्वेचा विषय येतो. रुळांलगतच्या पट्ट्या 'अधिक धान्य पिकवा' याच नावाखाली कर्मचाऱ्यांना लावायला देण्याची पद्धत मुंबईत बरीच वर्षं होती. सार्वजनिक जागा लागवडीखाली आणायचं हे उत्तम उदाहरण, पण पाणी नाल्याचं घेतलं गेलं आणि योजनेचं नाव खराब झालं. नाल्याच्या पाण्यातलं कॅडमियम, शिसं पालक-माठ पानांत साठवतात. मिठाच्या पाण्यात धुऊन जंतू कमी होतात, धातू जात नाहीत. भेंडी, दुधीसारख्या फळभाज्यांत ते तुलनेने कमी उतरतात. चूक कष्ट करणाऱ्याची मानू नये. जमीन दिली आणि पाण्याची जोडणी दिली नाही, ही चूक देणाऱ्याची. जागा देताना मातीची धातू तपासणी आणि स्वच्छ पाण्याचा नळ करारातच हवा.

दूरदेशी

इंग्लंडमधून लिहिते आहे. इथे १९०८ च्या कायद्याने बागेची पट्टी ही मागण्याची गोष्ट झाली. सहा नोंदणीकृत मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली की स्थानिक परिषदेला ती विचारात घ्यावीच लागते. पूर्ण पट्टी २५० चौरस मीटर, जुन्या मापाने दहा रॉड. प्रतीक्षा यादी लांबलचक असते, पण यादी असणं हेच महत्त्वाचं. मागणी कागदावर दिसते. अमेरिकेत फ्लोरिडाने २०१९ मध्ये कायदा करून घरासमोर भाजी लावायला पालिकेने केलेली मनाई रद्द केली, आणि मेन राज्याने २०२१ मध्ये स्वतःचं अन्न पिकवण्याचा हक्क राज्यघटनेत घातला.

आपल्याकडे प्रभागात सहा जणांनी एकत्र अर्ज केला तर पालिकेने नव्वद दिवसांत रिकाम्या आरक्षित भूखंडावर तात्पुरती पट्टी द्यावी किंवा लेखी कारण द्यावं, एवढं कलम पुरे.

मायाळू

दूरदेशीताई, कलम चांगलं आहे, पण आरक्षित भूखंड 'तात्पुरता' देताना मूळ आरक्षण मैदानाचं असेल तर मुलांची जागा जाते. शाळा आणि मैदान यांची आरक्षणं वगळून मागा.

कचऱ्याचीही जोड द्या, पालिकेला तीच भाषा पटते. घनकचरा नियम २०१६ मध्ये दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणारे 'मोठे उत्पादक' धरले होते. त्याहून कमी कचरा करणारी लहान सोसायटी त्या व्याख्येबाहेर राहिली. तिला ना सक्ती होती, ना बक्षीस. पुण्यात गांडूळखत, सौर ऊर्जा, पर्जन्यजल संकलन यांपैकी एक केलं तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त केलं तर १० टक्के सूट आहे. तीत खाद्यबाग जोडली तर खताला घर मिळेल. नाहीतर खताच्या गोण्या जिन्याखाली पडून राहतात.

खताचा वास येतो ही तक्रार बहुतेक वेळा सुक्या पाल्याच्या कमतरतेची असते. ओल्या कचऱ्याच्या एका बादलीला सुका पाला एक ते दीड बादली. मूठ आवळून बघा: थेंब गळले तर पाला वाढवा, मूठ उघडल्यावर गोळा लगेच विस्कटला तर पाणी शिंपडा. पाला जाळणं नियमाने बंद आहे. उद्यान खात्याने तो पोत्यांत भरून मागणाऱ्या सोसायट्यांना द्यावा, हा ठराव नगरसेवक एका सभेत करून घेऊ शकतात.

तिठा

शाळांबद्दल दोनच गोष्टी. परसबागेच्या स्पर्धेत परीक्षण एका दिवसाचं असतं, म्हणून रोपवाटिकेतली वाढलेली रोपं आदल्या आठवड्यात येऊन बसतात. गुण द्यायचे तर पोषण आहाराच्या नोंदवहीत बागेतली भाजी किती किलो गेली त्यावर द्या. आणि शाळेच्या कुंपणाला मोगली एरंड लावू नका. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, मुलं खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात जातात. त्याऐवजी मेंदी एक वीत अंतरावर दोन ओळींत, पहिलं वर्ष काटेरी फांद्यांचा आडोसा.

मे महिन्यात शाळेत पाणी घालायला कोणी नसतं. हंगाम जून ते एप्रिल धरा. सुट्टीत फक्त शेवगा, कढीपत्ता, हादगा जगवायचे.

कोरडवाहू

पैसा कुठून, हे राहिलं. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी ते शिलाई यंत्रात किंवा भांड्यांत जातात. कुंपण, मोरीचे खड्डे आणि बियाण्याचे डबे या खर्चात मागता येतात, आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. रोजच्या पाऊण तासाच्या कामाचं मोल कोणी देत नाही. निदान पाण्याचा हंडा तरी तिच्या डोक्यावरून उतरवा.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय यायला हवा असेल तर नोटीस निघण्याआधी, जुलैतच, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) अर्ज देऊन पोच घ्या. अर्जात चार गोष्टी: किती कुटुंबांना परस नाही त्यांची यादी, कोणती सार्वजनिक जागा हवी तिचा गट क्रमांक, पाणी कुठून घेणार, आणि कुंपणाला किती मीटर लागतील. गट क्रमांक नसेल तर 'जागा बघून कळवू' असं उत्तर येतं आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

सभासद१२

ठरावाच्या मसुद्यात एक दुरुस्ती. 'पाण्यासाठी स्वतंत्र मीटर' याच्या पुढे जोडा: 'टँकर चालू असलेल्या महिन्यांत पिण्याच्या पाण्याच्या टाकीतून बागेला पाणी घेता येणार नाही.' मे महिन्यात पिशव्या निम्म्यावर आणून उरलेल्या पाल्याने झाकून ठेवायच्या, मृगाला पुन्हा भरायच्या.